पगार ‘येत असावा’

पत्र : मी ४१ वर्षांची. सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, नेमणूक २०१० ची. पगार हातात साठ हजारांच्या आसपास येत असावा. एटीएम पहिल्यापासून ह्यांच्याकडे असतं. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मारहाण नाही, व्यसन नाही. मागितले की देतात, पण आधी ‘कशाला?’ विचारतात. आईला मिरजेला औषधांसाठी महिना तीन हजार पाठवते, तेव्हा ते ‘कशाला’ फार जड जातं. फ्लॅट माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. जाऊबाई शिवणकाम करून महिन्याला सहा-सात हजार मिळवतात आणि माझ्यापेक्षा हसऱ्या असतात. मैत्रीण म्हणते, एटीएम काढून घे, सुखी होशील. पैशाने खरंच सुख मिळतं का, की माझंच काही चुकतंय?
ता. क. साबुदाण्याच्या डब्यात ११,४०० रुपये साठवलेत. कधीकधी ते मोजत बसते, बरं वाटतं. त्यांचं काय करू?
– एक शिक्षिका

ताई,

पाऊस पडत असावा, एसटी येत असावी, असं आपण म्हणतो. पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई स्वतःच्या पगाराबद्दल ‘येत असावा’ लिहिते, आणि त्याच पत्रात डब्यातली रक्कम शंभराच्या नोटेपर्यंत बिनचूक सांगते. साठ हजारांनी जे वाटत नाही ते अकरा हजारांनी वाटतं, कारण त्या अकरा हजारांना कुणी ‘कशाला’ विचारत नाही. जाऊबाईंच्या हसण्याचं कारणही बहुधा हेच. त्यांनी ब्लाउज शिवला, पैसे हातात आले, त्यातून दोऱ्याची रिळं आणायची की भाचीला फ्रॉक, हे त्याच ठरवतात. तरी त्यांचा हेवा करू नका. घरात एक ऑपरेशन निघालं तर सहा हजारांत काही भागत नाही, तेव्हा सगळ्यांची नजर तुमच्या पगारावरच जाईल.

पैसा आणि सुख यावर संशोधन पुष्कळ झालंय. २०१० मध्ये डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतली आकडेवारी तपासून सांगितलं होतं, की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजच्या आनंदात भर पडत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना उलटं दिसलं, आनंद वाढतच राहतो. २०२३ मध्ये किलिंग्जवर्थ आणि कानेमान एकत्र बसले, आकडे पुन्हा पाहिले. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतो. पण जे मुळातच फार दुःखी असतात, त्यांचं दुःख पैसा एका मर्यादेपर्यंतच कमी करू शकतो, असं निघालं. वाढही सरळ नसते. दहाचे वीस झाले की जेवढा फरक पडतो, तेवढ्याच फरकासाठी पुढे विसाचे चाळीस व्हावे लागतात. ते डॉलर रुपयांत करून स्वतःला लावू नका, तो देश वेगळा, तिथले खर्च वेगळे. शिवाय ही सगळी मोजणी किती पैसा आला याची आहे. तो खर्च करताना शब्द कुणाचा चालतो, हा तुमचा प्रश्न.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे. एटीएम काढून घेणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. कार्ड हातात आलं आणि खात्याला मोबाइल नंबर यजमानांचाच राहिला, तर ओटीपी त्यांनाच जाणार, नेट बँकिंग तेच चालवणार. तुम्ही शंभर रुपये काढले तरी मेसेज दुकानात वाजेल आणि ‘कशाला?’ फोनवरून येईल.

म्हणून सुरुवात कागदांपासून. मुख्याध्यापकांकडून मागच्या तीन महिन्यांची शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) वेतनचिठ्ठी घ्या. घरी नेऊन नीट वाचा. वर मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे. खाली कपाती : एनपीएसचे (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे) दहा टक्के, व्यवसाय कर दोनशे, गटविमा, आणि शेवटी पतसंस्था. तुमच्या नेमणुकीच्या वर्षाला एकूण पगार, माझ्या ढोबळ अंदाजाने, ७५ हजारांच्या पुढे असावा. एनपीएस आणि बाकी किरकोळ कपात जाऊन ६८-६९ हजार उरायला हवेत. हातात साठच येत असतील तर आठ-नऊ हजार बहुधा पतसंस्थेत जाताहेत. तुम्ही पत्रात कर्जाचा उल्लेख केलेला नाही, म्हणजे बहुधा तुम्हाला ते माहीत नाही. शिक्षक पतसंस्थेचं आकस्मिक कर्ज एका सहीत मिळतं, आणि दुकानाला खरिपाआधी पैशांची नड असते. सही तुम्हीच केली असेल, गडबडीत, डबा भरता भरता.

पतसंस्थेत स्वतः जा आणि चार आकडे लिहून मागा : शेअर्स किती, ठेव किती, कर्जाची बाकी किती, आणि मी कुणाकुणाला जामीन आहे. चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. सहकारी शिक्षक हप्ता भरायचा थांबला तर कपात तुमच्या पगारातून सुरू होऊ शकते. स्टाफरूममध्ये ‘मॅडम, एक सही’ हे वाक्य किती वेळा ऐकलंत, आठवून बघा.

बँक आणि फायनान्स कंपन्यांच्या कर्जांसाठी सिबिलचा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून एकेक काढता येतो. दुकानाच्या कर्जात तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर त्यात कळेल. पतसंस्थेचं कर्ज मात्र त्यात दिसेलच असं नाही, म्हणून वरची फेरी चुकवू नका.

फ्लॅटचा सूची क्रमांक दोनचा (खरेदीच्या नोंदणीचा) उतारा आणि कर्जखात्याचं स्टेटमेंट घ्या. (फ्लॅट बायकोच्या नावावर घेण्यामागे प्रेम असतंच. पण १ एप्रिल २०२१ पासून राज्यात एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, हेही असतं.) तुमची खरेदी कधीची असो, उताऱ्यावर नाव तुमचं असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ते घर पूर्ण तुमच्या मालकीचं.

इथपर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागतील. मग बोला. ‘बोला’ म्हणणं सोपं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

एप्रिल-मेमध्ये बोलू नका. कृषी सेवा केंद्रवाल्याचे ते दिवस गळ्याशी आलेले असतात : खतं भरायची, बियाणं उचलायचं, मागची उधारी आलेली नाही, कारण ऊसबिलं लांबलेली. तुमचा पगार त्या दिवसांत दुकानाचं भांडवल होऊन जातो. यजमानांना तो ‘बायकोचा पगार’ वाटेनासा झालाय, दर महिन्याला भरणारी विहीर वाटते. यात दुष्टपणा नाही, पण धोका मोठा आहे. दोन हंगाम वाईट गेले तर घरातली दोन्ही उत्पन्नं एकाच खड्ड्यात जातील. हेच त्यांना सांगायचं. दिवाळीनंतर, दुकान मोकळं असताना, सासूबाई आणि मुलं समोर नसताना, वेतनचिठ्ठी हातात घेऊन.

ते म्हणतील, ‘तुला काय कमी केलंय?’ इथे बहुतेक बायका अडखळतात, कारण खरंच काही कमी केलेलं नसतं. मग रडू येतं, विषय जुन्या भांडणांवर जातो, आणि कार्ड जिथे होतं तिथेच राहतं. तुम्ही एवढंच म्हणा : ‘अहो, कमी काही नाही. पण माझा पगार किती, हे मला शालार्थच्या कागदावरून कळलं. हे मला बरं वाटलं नाही.’ आणि गप्प बसा. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्या.

बोलणं सोपं करायला एक व्यावहारिक कारणही आहे, आणि ते खोटं नाही. कार्ड-पिन दुसऱ्याला देणं बँकेच्या नियमात बसत नाही. पिन किंवा ओटीपी सांगितल्यामुळे फसवणूक झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं. खातं तुमचं, फोन त्यांच्याकडे, फसवी लिंक आली दुकानाच्या गर्दीत, तर बँक तुम्हालाच विचारणार. ‘नंबर माझा लावून घेते’ हे या दारातून सहज सांगता येतं. नंबर बदलायला शाखेत आधार-पॅन घेऊन स्वतः जावं लागतं. नंबर बदलला की पिन बदला, मग कार्ड. या क्रमाने.

आता पैशांची वाटणी. हातात ६०,५०० येतात असं धरू. खरा आकडा आला की बदला. २२ हजार घरखर्चाच्या संयुक्त खात्यात टाका. ते ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ या प्रकारचं असावं, आणि यजमानांनीही त्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकावी, हंगाम असो नसो. १४ हजार फ्लॅटचा हप्ता. आईचे तीन हजार. अडीअडचणीची पुंजी सहा हजार. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) आठ हजार. तुमचा स्वतःचा, कुणाला हिशेब न देण्याचा खर्च तीन हजार. उरले साडेचार हजार. ते दुकानाला द्यायचे असतील तर द्या, पण बँकेतून, आणि दुकानाच्या खतावणीत तुमच्या नावाचं खातं उघडून. हे अविश्वासाचं नाही. दुकानात भागीदाराचं खातं असतंच की.

घरखर्चाचा वाटा उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवा, निम्मा-निम्मा नको. दुकानाचं उत्पन्न वर्षातून दोनदाच फुगतं. निम्मा-निम्मा धरलात तर पावसाळ्यात त्यांना उसनवारी करावी लागेल आणि ती तुमच्याकडूनच होईल.

अडीअडचणीच्या पुंजीचा हिशेब असा : घरखर्च आणि हप्ता मिळून ३६ हजार. सहा महिन्यांचे झाले २ लाख १६ हजार. महिना सहा हजारांनी तीन वर्षं लागतील. धीर खचू देऊ नका, पहिल्या सहा महिन्यांतच एका महिन्याचा खर्च बाजूला पडतो, आणि झोपेत फरक तिथूनच जाणवायला लागतो. हे पैसे पगाराच्या बँकेपेक्षा वेगळ्या बँकेत आवर्ती ठेवीत ठेवा. बँकेतल्या ठेवीला मुद्दल-व्याज मिळून माणशी, बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांनाही. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था दीड टक्का जास्त देते म्हणून सगळी पुंजी तिथे नेऊन ठेवणं सांगली-कोल्हापूरकडे फार चालतं. तुम्ही नेऊ नका.

पीपीएफमध्ये महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा. व्याज पाच तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिल्लकीवर मिळतं. सहा तारखेला भरलेत तर त्या महिन्याचं व्याज गेलं. सरकारी पगाराला उशीर होतो, म्हणून आदल्या महिन्याच्या पगारातले आठ हजार बाजूला ठेवून पुढच्या महिन्याच्या एक तारखेला भरायची सवय लावा. वर्षाला ९६ हजार होतात, दीड लाखाच्या मर्यादेत. एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर तसाच राहिला, तर पंधरा वर्षांत भरलेले १४ लाख ४० हजार २५ लाखांच्या आसपास जातात. तुम्ही ५८ ला निवृत्त व्हाल, त्याआधी खातं पिकतं. आणखी एक गोष्ट दुकानदाराच्या बायकोने लक्षात ठेवण्यासारखी : पीपीएफवर कर्जवसुलीसाठी कोर्टाची जप्ती येत नाही.

आईचे तीन हजार. ते बँकेतून थेट, पगार झाला की दुसऱ्या दिवशी, दरमहा आपोआप जातील अशी सूचना देऊन ठेवा. मागण्याचा प्रसंगच राहणार नाही. हे दान नाही. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलंय. आणि एक अप्रिय गोष्ट : मृत्युपत्र न करता तुम्हाला काही झालं, तर तुमच्या कमाईचे पहिले वारस मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. आईचा नंबर त्यांच्यानंतर. म्हणजे तुमच्या मागे आईच्या गोळ्या चालू राहाव्यात असं वाटत असेल, तर साध्या कागदावर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची असते. एनपीएसमध्ये नॉमिनी कोण आहे तेही बघून घ्या. लग्नाआधीचं नाव राहून गेलेलं पुष्कळदा सापडतं.

पैसे हातात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय बिघडतं, तेही सांगते. स्टाफरूममध्ये बातमी लागते, आणि कुणाच्या तरी मिस्टरांची एजन्सी असतेच. वीस वर्षांची, मध्येच पैसे परत देणारी पॉलिसी गळ्यात पडते. विमा आणि बचत एकत्र विकली जाते तिथे दोन्ही अर्धवट मिळतात. तुम्हाला हवा असलेला विमा म्हणजे साधा टर्म (बचत नसलेला, फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा), वर्षाच्या पगाराच्या दहा-बारा पट, निवृत्तीच्या वयापर्यंत. माहेरकडून उसने मागितले जातात, भावाचं ट्रॅक्टर असतं. तिथे ‘नाही’ म्हणण्याची रक्कम आधी ठरवून ठेवा; तुमच्या तीन हजारांच्या पलीकडे नाही. आणि काही घरांत दुसरं टोक गाठलं जातं : दूध माझं, गॅस तुमचा, पाहुणे तुमचे तर साखर तुमची. असा हिशेबी संसार मागण्याच्या संसाराइतकाच कंटाळवाणा होतो. संयुक्त खातं त्यासाठीच आहे. त्यातून खर्च करताना त्यांनीही विचारायचं नाही, तुम्हीही नाही.

यातून यजमान बदलतील का? ‘कशाला?’ काही महिने येतच राहील, सवयीने. आईच्या औषधांवरून तो आला की एक वेळ रागाऐवजी उत्तर द्या : ‘रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, आणि तपासणी.’ मागणं थांबल्यावर तोच शब्द चौकशीसारखा ऐकू येतो, असं पुष्कळ घरांत होतं. सगळ्यांत होत नाही. पैशामुळे तुमची मान ताठ होईल. दोघांत बोलणंच उरलं नसेल तर ते पीपीएफ आणून देणार नाही.

कार्ड मागितल्यावर आरडाओरडा, पगाराची बँक बदलू न देणं, जबरदस्तीने सह्या घेणं, असं काही झालं तर प्रकरण वेगळं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हीही हिंसाच आहे. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, १८१ वर फोन करता येतो. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, तरी नंबर माहीत असावा.

राहिला साबुदाण्याचा डबा. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा घरोघरी असे डबे एका रात्रीत उघडे पडले होते, आणि काही बायकांना आपल्या बचतीचा खुलासा पोलिसासारखा घरात द्यावा लागला होता. दोन हजार डब्यातच ठेवा, ते मोजण्याचं सुख कुठल्या पासबुकात नाही. उरलेल्या ९,४०० ने नव्या बँकेत तुमच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा. मात्र बँकेत नेण्याआधी तळाशी घडी करून ठेवलेल्या नोटा उलगडून बघा. त्यात दोन हजारांची गुलाबी नोट निघाली तर घाबरू नका, ती अजून वैध आहे. बँकेच्या शाखेत आता घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात चालते, किंवा पोस्टाने पाठवली की रक्कम खात्यात जमा होते. खातं मात्र तुमच्या नावाचं द्या.